जेलची ट्यूब देताना दोन मिनिटं बोलूया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लातूरच्या ट्युशन एरियात माझं मेडिकल आहे, १९ वर्षं झाली. संध्याकाळी क्लास सुटले की काउंटरवर पोरापोरींची गर्दी होते आणि त्यात रोज पाच-सहा जण तरी पिंपल्सचं जेल मागायला आलेले असतात, कुणी मोबाईलवर फोटो दाखवतं, कुणी रूममेटची दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब पुढे करतं, कुणी नुसतंच म्हणतं काकू ते मागच्या वेळचं द्या. चिठ्ठी फार थोड्यांकडे असते. ज्यांच्याकडे असते त्यांनाही जेल लावायचं कसं, किती, किती दिवस, असं विचारलं की बहुतेक जण माझ्याकडेच बघत बसतात. त्याबद्दल हे पत्र आहे. थोडं लांबेल, पण आपल्या पेपरात हे यावं असं मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात निलंग्याकडची एक मुलगी आली, अकरावी, नीटचा क्लास, हॉस्टेलला राहते. तोंडाला स्कार्फ बांधलेला, दुकानात आल्यावरही सोडला नाही. बाकीचं गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला थांबली आणि मग हळूच म्हणाली, "काकू, हे जेल बोगस आहे, याच्यापेक्षा स्ट्राँग काहीतरी द्या ना." ट्यूब बघितली तर ॲडापॅलिन ०.१ टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. म्हणजे जे द्यायला पाहिजे तेच डॉक्टरांनी दिलं होतं. म्हटलं लावतेस कसं? तर पिंपल आला की फक्त त्याच्यावर टिपका, तोही जाड थर, आणि सकाळी लावून उन्हातून क्लासला जायची. चौथ्या-पाचव्या दिवशी कातडी सुटायला लागली, आग व्हायला लागली म्हणून बंद केलं, मग आईने फोनवर जायफळ उगाळून लावायला सांगितलं ते आठ दिवस लावलं, मग रूमवरच्या मुलीने टूथपेस्ट सांगितली, ती लावून अजून चट्टे पडले, मग परत जेल. दोन महिन्यांत सगळं मिळून जेल लावलं असेल बारा-तेरा दिवस. औषध बरोबर होतं, डॉक्टर बरोबर होते, आणि मुलीची पण काही चूक नाही कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीवर फक्त "एल/ए एच/एस" लिहिलेलं, म्हणजे वरून लावायचं, रात्री झोपताना, पण अकरावीच्या पोरीला ते कसं कळणार?

हेच मला सांगायचंय. जेलची ट्यूब विकली जाते, ती वापरायची कशी हे सोबत कुणी देत नाही. डॉक्टरांच्या ओपीडीत बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, आमच्या काउंटरवर गर्दी असते, आणि बॉक्समधला कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ट्यूब घरी जाते, चार दिवस लावली जाते आणि मग कपाटात पडून राहते आणि लेकरू समजतं की आपल्या चेहऱ्याला आता काहीच लागू पडणार नाही.

पालकांना एक भीती असते ती आधी सांगते. एकाच जेलमध्ये दोन औषधं एकत्र म्हणजे जास्त कडक, जास्त साइड इफेक्ट, असं त्यांना वाटतं. तसं नाहीये. पिंपल होतो तो रक्त खराब झाल्याने किंवा अंगात उष्णता वाढल्याने होत नाही. वयात येताना हार्मोन्समुळे चेहऱ्यावरच्या ग्रंथी जास्त तेल करायला लागतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचे कण चिकटून बूच बसतं, आत तेल तुंबतं, त्या तेलावर जगणारा एक जंतू आहे, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस (आम्ही शिकलो तेव्हा त्याचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं), तो वाढतो आणि मग शरीर त्याच्याशी भांडायला लागलं की लाल होतं, सुजतं, पू होतो. तेल, बूच, जंतू आणि सूज, असं चार बाजूंनी चाललेलं असतं. एकटं औषध सगळीकडे पुरत नाही. ॲडापॅलिन हे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं, ते बूच बसू देत नाही आणि सूजही थोडी उतरवतं. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतूला ऑक्सिजन सोडून मारतं आणि जंतू त्याला सरावत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी गोष्ट. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक आहे, जंतू कमी करतं, सूज कमी करतं, पण त्याला जंतू सरावतो. म्हणून या तिघांतली दोन योग्य औषधं एका जेलमध्ये घालतात, एक बूच सांभाळतं, दुसरं जंतू सांभाळतं, आणि पोराला दोन-तीन ट्यूब वेगवेगळ्या वेळी लावायचं लक्षात ठेवावं लागत नाही. सतराव्या वर्षी पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला दोन ट्यूब वेळेवर लाव म्हणणं म्हणजे त्याने एकही न लावणं, हे मी रोज बघते. तेल मात्र यातलं कुठलंच जेल कमी करत नाही, त्यामुळे दुपारी चेहरा तेलकट दिसला म्हणजे औषध फुकट गेलं असं समजू नका.

आणि ते बूच तयार होतं ते डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आठवडे आधी. आज जो पिंपल आलाय त्याची सुरुवात मागच्या महिन्यातच झालेली असते. म्हणून फक्त आलेल्या पिंपलवर टिपका दिला की पुढचे दहा आत तयारच होत राहतात. जेल पूर्ण चेहऱ्याला लावायचं ते यासाठी. हे एक वाक्य जरी काउंटरवर सांगितलं तरी समोरच्या लेकराच्या चेहऱ्यावर एकदम "अच्छा, असं आहे होय" असं येतं.

आता माझ्या घरातलं सांगते. माझी मुलगी दहावीत असताना तिला गालांवर आणि जबड्याच्या कडेला बऱ्यापैकी पिंपल्स आले. मी घरचीच फार्मासिस्ट, मी रॅकवरून क्लिंडामायसिन १ टक्का जेल काढून दिलं, नुसतं तेच, सोबत काही नाही. पंधरा-वीस दिवसांत एवढा छान फरक पडला की मी निवांत झाले, महिन्याला एक ट्यूब घरी नेत राहिले, सात महिने. आणि मग ते लागू पडायचं थांबलं. पहिल्यापेक्षा जास्त आले, गाठीसारखे. सोलापूरला स्किनच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की एकटं अँटिबायोटिक एवढे महिने का लावलंत, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड का नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ॲडापॅलिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल रात्रीचं दिलं आणि लावायची पद्धत स्वतः तिच्या गालावर करून दाखवली. अडीच महिने लागले चेहरा साफ व्हायला, आणि काळे डाग जायला वर्षाच्या वर गेलं. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पिंपल गेला तरी डाग मागे राहतो, गोऱ्या लोकांपेक्षा आपल्यात हे जास्त. ते वर्ष तिने कॉलेजच्या एकाही ग्रुप फोटोत तोंड दाखवलं नाही. मी ते विसरलेले नाही आणि म्हणूनच आज काउंटरवर बोलते.

हे फक्त माझ्या घरचं किंवा त्या मॅडमचं मत नाहीये. ब्रिटनमध्ये नाइस म्हणून सरकारी संस्था आहे, उपचार कसे करावेत ते ठरवून देते, त्यांनी जून २०२१ मध्ये पिंपल्सचे नियम काढले. त्यात पहिल्या पसंतीला अशीच कॉम्बिनेशन जेल आहेत, ॲडापॅलिन अधिक बेंझॉइल पेरॉक्साइड, किंवा ट्रेटिनॉइन (तेही व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं) अधिक क्लिंडामायसिन, किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड अधिक क्लिंडामायसिन, आणि ती १२ आठवडे लावून मग परत बघायचं. एकटं लावायचं अँटिबायोटिक देऊ नका असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि लावायचं अँटिबायोटिक आणि पोटातलं अँटिबायोटिक दोन्ही एकदम पण देऊ नका असंही. अमेरिकेतल्या स्किन डॉक्टरांच्या अकॅडमीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये आले, तेही तेच सांगतात, वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधं एकत्र वापरा, अँटिबायोटिक एकटं वापरू नका. आपल्याकडे मात्र एकट्या क्लिंडामायसिनच्या ट्यूबा अजूनही धडाधड खपतात, चिठ्ठीशिवाय, आणि मी कित्येक वर्षं खपवल्यात. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक आहे, चिठ्ठीशिवाय द्यायलाच नको. मी नाही दिलं तर पलीकडचा देतो, हे आमच्या धंद्यातलं रोजचं वाक्य, आणि ते म्हणत म्हणतच आपण सगळ्यांनी मिळून ह्या जंतूला शिकवून ठेवलंय.

आपल्याकडे अजून एक जोडी फार चालते, ॲडापॅलिन आणि क्लिंडामायसिन. त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड नसतं. ही जोडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, बूच आणि जंतू दोन्हीकडे बघतेच ती, पण महिनोन्महिने चालवायची नाही, आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश किंवा जेल सोबत घ्यायचं का हे डॉक्टरांना जरूर विचारावं, बरेच डॉक्टर तसं देतातच. आणि ट्रेटिनॉइनवालं जेल असेल तर ते रात्रीच, कारण उजेडात ते टिकत नाही, आणि त्याच्यावर लगेच बेंझॉइल पेरॉक्साइड लावायचं नाही कारण ते ट्रेटिनॉइनला मोडून टाकतं. ॲडापॅलिनला तो प्रॉब्लेम नाही, म्हणून तर ते दोघं एका ट्यूबमध्ये नांदतात. माझ्याकडे एक मुलगा यायचा, हुशार पोरगा, तो यूट्यूब बघून रात्री ट्रेटिनॉइन आणि त्याच्यावर लगेच बेंझॉइल पेरॉक्साइड चोपडायचा, दुप्पट फायदा होईल म्हणून. दुप्पट आग झाली फक्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या निलंग्याच्या पोरीचं "स्ट्राँग काहीतरी द्या" हे वाक्य मला झोपू देत नाही, कारण मला माहीत आहे की हे वाक्य दुसऱ्या एखाद्या काउंटरवर गेलं असतं तर तिला काय मिळालं असतं. स्टेरॉइडचं क्रीम. कधी बीटामेथासोन, कधी क्लोबेटासोल, आणि कधी ते तीन औषधांचं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. त्याला पण लोक ट्रिपल कॉम्बिनेशनच म्हणतात आणि इथेच घोळ होतो. ते क्रीम वांगांसाठी आहे, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे आठवडे. पिंपल्ससाठी ते नाहीच. पण लावलं की चार दिवसांत लाली उतरते, चेहरा गोरा दिसतो, मुलगी खूष, आई खूष, दुकानदार पण खूष. मग बंद केलं की दुप्पट पिंपल्स, आग, लाल बुंद चेहरा, आणि परत लावलं की परत बरं. असं करत करत कातडी पातळ होते, उन्हात जाता येत नाही, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, गालावर लव वाढते. आपल्या देशातल्या स्किन डॉक्टरांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, याच्याविरुद्ध वेगळी टास्क फोर्स केलीय, एवढं हे पसरलंय. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय बंद. कागदावर बंद. माझ्याकडे एक नवरी मुलगी आली होती, लग्नाच्या आधी सहा महिने पार्लरवालीने दिलेलं क्रीम लावत होती, लग्न झाल्यावर बंद केलं आणि हळद उतरायच्या आत चेहरा असा झाला की सासरी ती घुंगट घेऊन बसायची, आपल्यात घुंगटाची पद्धत नसताना. तिला मी आपल्या इथल्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या स्किन ओपीडीत जायला सांगितलं, तिथे केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. ज्यांना प्रायव्हेट परवडत नाही त्यांनी सरकारी ओपीडीत जरूर जावं, लाजायचं काही कारण नाही.

म्हणजे बघा, जेल नीट कसं लावायचं हे न सांगण्यातून सुरुवात होते, मग "लागू पडत नाही", मग "स्ट्राँग द्या", मग स्टेरॉइड. पहिल्या पायरीला दोन मिनिटं दिली असती तर पुढचं झालंच नसतं.

मी आता काय सांगते ते लिहिते, कुठल्याही दुकानदाराला किंवा आईला उपयोगी पडेल. रात्री साध्या सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवायचं, घासायचं नाही, स्क्रब नाही. चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबलं तरी चालेल, कारण ओल्या चेहऱ्यावर लावलं की जास्त झोंबतं. बोटावर एका हरभऱ्याएवढं जेल घ्यायचं, पूर्ण चेहऱ्याला एवढंच पुरतं, कपाळ, दोन्ही गाल, हनुवटीवर ठिपके ठेवून पसरवायचं, डोळे, ओठ आणि नाकाच्या कोपऱ्यापासून लांब. १५ ग्रॅमची ट्यूब असं लावलं तर महिना सहज जाते, आठ दिवसांत संपली तर समजायचं जास्त लावतोय. पहिले दोन आठवडे एक दिवस आड. फार कोरडं पडत असेल तर आधी साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, मग जेल, वाटलं तर परत मॉइश्चरायझर. पिंपल्सवाल्या चेहऱ्याला मॉइश्चरायझर लावायचं म्हटलं की पोरं दचकतात, पण त्याच्याशिवाय हे औषध बहुतेकांना सहन होत नाही आणि सहन झालं नाही की ते सोडून देतात. पहिल्या दोन-चार आठवड्यांत कातडी थोडी सुटणं, लाल होणं, अगदी पिंपल्स थोडे वाढल्यासारखे वाटणं हे होऊ शकतं, तेव्हाच सगळे सोडतात आणि तेव्हाच सोडायचं नसतं. पण डोळे सुजले, चेहरा सुजला, पाणी सुटायला लागलं तर ते वेगळं, लगेच बंद करून डॉक्टर. सकाळी सनस्क्रीन, आपल्या ऊन्हात तर लागतंच, डाग जास्त काळे होतात नाहीतर.

बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो हे तर कुणीच सांगत नाही. जेल लावून झोपलं की उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, कॉलरवर पांढरे-पिवळट डाग पडतात आणि हॉस्टेलची लेकरं घाबरून जातात की कपड्याचं हे होतंय तर तोंडाचं काय होत असेल. तोंडाला त्याचा काही धोका नाही, पण केसांच्या कडेला लागलं तर केसांचा रंग पण फिका होतो. पांढरा अभ्रा, पांढरा टॉवेल वापरायचा, हात धुवायचे, बस्स. एका पोराने नुसतं या कारणाने जेल फेकून दिलं होतं, एवढं चांगलं चाललेलं.

ठेवायचं कुठे हे पण लिहिते कारण लातूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत एका लॅबने असं मांडलं की बेंझॉइल पेरॉक्साइड गरम झालं की त्यातून बेंझीन तयार होतं, ते कॅन्सरकारक आहे. मोठी चर्चा झाली, माझ्याकडे पण लोक व्हॉट्सॲप घेऊन आले. मग तिथल्या एफडीएने स्वतः ९५ प्रॉडक्ट तपासली आणि मार्च २०२५ मध्ये सांगितलं की ९० टक्क्यांहून जास्त प्रॉडक्टमध्ये बेंझीन सापडलं नाही किंवा अगदीच नगण्य होतं, थोडी प्रॉडक्ट तेवढी दुकानांतून परत घेतली गेली. म्हणजे घाबरून औषध सोडायची गरज नाही, पण स्कूटीच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत, मेस डब्याच्या बॅगेत ट्यूब ठेवायची नाही, एक्सपायरी बघायची, थंड जागी ठेवायची. क्लिंडामायसिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या काही जेलना तर दुकानातच फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावं लागतं, बॉक्सवर असतं लिहिलेलं, आपण वाचत नाही.

किती दिवस? हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. १२ आठवडे. तीन महिने. आठ दिवसांत नाही, परीक्षेच्या आधी नाही, ताईच्या लग्नाच्या आधी नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत क्लिंडामायसिन, ॲडापॅलिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड तिन्ही एकाच ट्यूबमध्ये असलेलं पहिलं जेल मंजूर झालं, १२ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी, रोज एकदा लावायचं. त्याच्या मोठ्या चाचण्यांमध्ये १२ आठवडे लावल्यावर साधारण निम्म्या लोकांचा चेहरा साफ किंवा जवळजवळ साफ झाला, आणि ज्यांना नुसतं औषधाशिवायचं जेल दिलं त्यांच्यात पाचवा ते चौथा हिस्सा. हा आकडा मी मुद्दाम सांगते. तीन औषधांचं नवंकोरं जेल, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावलेलं, तरी तीन महिन्यांनी निम्म्यांचाच चेहरा पूर्ण निवळतो, बाकीच्यांना फरक पडतो पण अजून वेळ लागतो किंवा दुसरं काही जोडावं लागतं. मग आपल्या पोराला तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून आरडाओरडा कशाला करायचा? आणि चेहरा निवळल्यावर पण एकदम सगळं बंद करायचं नाही, अँटिबायोटिक थांबवतात आणि ॲडापॅलिनसारखं औषध पुढे चालू ठेवतात, ते डॉक्टर ठरवतील.

जेलने भागत नाही असे पण चेहरे असतात. नाइसच्या हिशोबात लाल किंवा पू भरलेले ३५ किंवा जास्त, किंवा खोल गाठी ३ किंवा जास्त, म्हणजे मध्यम ते तीव्र. तिथे जेलसोबत डॉक्सिसायक्लिनसारखी पोटातली गोळी लागू शकते, फार खड्डे पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइन, आणि या गोळ्या काउंटरवरून मागायच्याच नाहीत. मुलींची पाळी वेळेवर नाही, हनुवटीवर केस येतायत, जबड्याच्या कडेने पिंपल्स जातच नाहीत, तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळीवर परिणाम करणाऱ्या आजाराची, तपासणी करून घ्या. दिवस गेलेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर ॲडापॅलिन, ट्रेटिनॉइन लावायचं नाही, नव्या लग्न झालेल्या मुलींना हे मी दरवेळी विचारते, त्या लाजतात, तरी विचारते. डोक्याला खोबरेल तेल चोपडून झोपणाऱ्यांना कपाळावर बारीक पुळ्या येतात, त्यांनी आधी ते तेल कमी करून बघावं. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा बंद. आणि आयांनो, पिंपल फोडू नका. स्वतःचा नाही आणि लेकराचा तर अजिबात नाही.

आता विनंत्या. स्किनच्या आणि फॅमिली डॉक्टरांना हात जोडून विनंती की चिठ्ठीवर एक ओळ मराठीत लिहा, "रात्री, पूर्ण चेहऱ्याला, हरभऱ्याएवढं, १२ आठवडे". शिक्काच करून घेतला तरी चालेल. माझ्या दुकानदार भावा-बहिणींना विनंती की चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड आणि एकटं क्लिंडामायसिन देऊ नका, आणि जेल देताना कसं लावतोस एवढं तरी विचारा, माझं गिऱ्हाईक त्याने कमी झालं नाही, उलट हॉस्टेलच्या मुली आता आपापल्या आयांना फोनवर माझ्याशी बोलायला लावतात. औषध कंपन्यांनी बॉक्समध्ये मराठी कागद घालावा, वाचता येईल अशा अक्षरात, आणि अन्न व औषध प्रशासनाने तो घालायला लावावा. घराघरात जी औषधं पोरं स्वतः लावतात त्यांचा तरी कागद पोरांच्या भाषेत असावा.

आणि आपल्याला विनंती ही की जूनमध्ये इथे नवीन बॅच सुरू होतात, नांदेड, बीड, परभणी, धाराशिवकडून हजारो लेकरं पहिल्यांदा घर सोडून येतात, आरशासमोर एकटी उभी राहतात आणि विचारायला आई जवळ नसते. त्याच्या आत आपल्या पेपरात लावायच्या पद्धतीची एक छोटी चौकट छापलीत, एखाद्या स्किनच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन, तर मी ती कापून काउंटरच्या काचेखाली ठेवीन, बाकीचे पण ठेवतील.

निलंग्याच्या मुलीला मी दुसरं काही दिलं नाही. तिच्याच ट्यूबमधलं हरभऱ्याएवढं जेल माझ्या हातावर काढून दाखवलं, तिच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं की एक दिवस आड करून परत सुरू करू का, ते हो म्हणाले. कालनिर्णयवर आजपासून १२ आठवडे मोजून गोल करून दिलाय आणि दर रविवारी दुकानात येऊन चेहरा दाखव म्हटलंय. पहिल्या रविवारी आली होती. स्कार्फ होता, पण काउंटरवर आल्यावर तिने तो स्वतःच सोडला.

आपली,
एक फार्मासिस्ट, लातूर
(नाव छापू नये ही विनंती)